समजले नाही, तर विचारा : उद्योगासोबत अंतिम वर्षाचा सॉफ्टवेअर प्रकल्प पूर्ण करताना



आपल्या शाळेतून बारावी करून गेलेली बरीच मुले-मुली आज इंदूरच्या आणि बाहेरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेत शिकत आहेत. चौथ्या वर्षी त्यांना एक मोठा प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प एखाद्या कंपनीच्या किंवा कारखान्याच्या खऱ्या कामावर करावा, असे अनेक महाविद्यालये सुचवतात. ऐकायला हे छान वाटते, पण नेमक्या याच ठिकाणी चांगली हुशार मुले अडखळताना मी पाहिली आहेत.

मी अभियंता नाही. तरी हा पाठ लिहायला बसले, कारण प्रकल्प जिथे अडतो ती जागा बहुधा संगणकात नसते. ती आपल्या बोलण्यात आणि न बोलण्यात असते. त्याबद्दल शिक्षकाला थोडेफार कळते.

एका प्रकल्पाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात आपला एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "बाई, प्रोजेक्ट बुडाला."

चार मुलांचा गट होता. शहरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना काम दिले होते. एका नमकीन कारखान्याच्या गोदामातील मालाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम करायचा होता. ऑगस्टमध्ये काम ठरले. बैठका ऑनलाइन आणि इंग्रजीत होत. कंपनीचे मार्गदर्शक भराभर सांगत आणि मुले "येस सर" म्हणत. नोव्हेंबरात ते मार्गदर्शक नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांना या प्रकल्पाची काही माहिती नव्हती, आणि मुलांजवळ लिहिलेला कागद नव्हता. तरीही मुलांनी रात्री जागून प्रोग्राम तयार केला आणि जानेवारीच्या अखेरीस प्रथमच गोदामात जाऊन दाखवला.

तिथल्या वयस्कर मुनीमजींनी चष्मा लावून पडदा नीट पाहिला आणि विचारले, "बेटा, इसमें पेटी कहाँ है?"

प्रोग्राम पाकिटे मोजत होता. गोदामात मात्र पाकीट कोणीच मोजत नाही. तिथे माल पेटीने येतो आणि पेटीनेच जातो. पाच महिन्यांचे काम एका प्रश्नात उघडे पडले.

मी त्याला विचारले, "हे सुरुवातीलाच का नाही विचारलेस?" तो खाली पाहत म्हणाला, "बाई, त्यांचे इंग्रजी फार वेगात असायचे. मध्येच थांबवले तर यांना काही येत नाही असे त्यांना वाटेल, म्हणून मान डोलावत राहिलो."

त्याच्यावर रागावणे मला जमले नाही. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी बैठकीत इंग्रजी सुरू झाले की मीही अशीच मान डोलावत असे आणि बाहेर आल्यावर, काय ठरले ते शेजारच्या बाईंना विचारत असे. म्हणून या पाठाचे सार आधीच सांगते. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, आणि ठरणे तर नव्हेच. जे समजले नाही ते विचारावे आणि जे ठरले ते लिहावे. पुढचे सर्व मुद्दे याच दोन गोष्टींचा विस्तार आहेत.

१. दोन घरचा पाहुणा

आपल्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. उद्योगासोबतच्या प्रकल्पाचे तसेच आहे. त्याला दोन घरे असतात.

पहिले घर महाविद्यालयाचे. त्यांना पाहायचे असते की विद्यार्थी पद्धत शिकला की नाही. गरजांचा अभ्यास कसा केला, आराखडा कसा काढला, चाचण्या कोणत्या घेतल्या आणि गटात कोणी किती काम केले, यावर गुण मिळतात. प्रोग्राम थोडा अपुरा राहिला, पण पद्धत आणि कारणे नीट मांडली, तरी तिथे निभावते.

दुसरे घर कंपनीचे. त्यांना कामाला येणारी वस्तू हवी असते. तुमचा अहवाल दोनशे पानांचा आहे की वीस पानांचा, याच्याशी त्यांना घेणे नसते. तुम्ही निघून गेल्यावर ही वस्तू कोण सांभाळणार, याची मात्र त्यांना काळजी असते.

दोघांचेही म्हणणे बरोबरच आहे, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. कंपनी डिसेंबरात म्हणते, आता हे नको, ते करा. महाविद्यालयात मात्र सिनॉप्सिस पहिल्याच विषयाची दिलेली असते. म्हणून पहिल्याच महिन्यात महाविद्यालयाचे गाइड आणि कंपनीचे मार्गदर्शक यांची एकदा भेट घडवून आणावी. प्रत्यक्ष जमत नसेल तर फोनवर तरी घडवावी. पुढे कोणताही बदल झाला तर दोघांनाही एकच ईमेल पाठवावा. दोन वेगळे ईमेल नकोत. एकच असला म्हणजे दोघांनाही माहीत असते की दुसऱ्याला हे कळले आहे.

२. एक पानाचा कागद

काम सुरू होण्याआधी एक पानाचा कागद तयार करावा. मोठ्या करारनाम्याची भाषा लागत नाही. साधी वाक्ये पुरेत. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

अ) काय करणार : चार-पाच ओळींत. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय करणार नाही, हेही लिहावे. "बिल आणि जीएसटी या प्रोग्राममध्ये नाही" असे एक वाक्य मार्चमधला मोठा वाद वाचवते.

आ) मार्गदर्शक कोण आणि ते रजेवर गेले किंवा नोकरी सोडून गेले तर कोण : हे दुसरे नाव पहिल्याच दिवशी मागून घ्यावे. त्यात संकोच नको.

इ) भेटीचा ठरलेला वार : दर पंधरवड्याला अर्धा तास. "गरज पडेल तेव्हा भेटू" असे ठरले की भेट होत नाही.

ई) माहिती कोणती मिळणार : खऱ्या गिऱ्हाइकांची नावे आणि फोन क्रमांक घेऊ नयेत. नावे बदलून, क्रमांक काढून नमुना मागावा. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. पण कायद्याच्या आधी ही आपली सभ्यता आहे. दुसऱ्याची वही घरी नेऊन सगळ्यांना दाखवायची नसते.

उ) प्रोग्रामवर हक्क कोणाचा : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण प्रकल्प करणारा विद्यार्थी बहुधा त्या कंपनीचा नोकर नसतो. म्हणून हक्क कोणाचा आणि विद्यार्थ्याला तो प्रोग्राम तोंडी परीक्षेत व पुढे मुलाखतीत दाखवता येईल का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. काही मुलांना एप्रिलमध्ये कळते की कंपनी अहवालात पडद्याची चित्रे छापू देत नाही. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या कागदावर तिघांच्या सह्या असाव्यात : गट, गाइड आणि कंपनी.

३. गरज कशी विचारावी

"सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हे नाव १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेमुळे रूढ झाले. त्या काळी मोठे प्रोग्राम वेळेवर पुरे होत नसत, खर्च वाढे आणि शेवटी हाती आलेली वस्तू भरवशाची नसे. पूल बांधणाऱ्याला जशी शिस्त असते, तशी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही हवी, असा विचार त्यामागे होता. या शिस्तीची पहिली पायरी म्हणजे गरजांचा लेखी आराखडा. महाविद्यालयात त्याला एसआरएस म्हणतात.

बरीच मुले एसआरएस जुन्या अहवालातून उतरवून काढतात, आणि पाया तिथेच कच्चा राहतो. गरज विचारायला त्या जागी जावे लागते. सांगणारा आणि वापरणारा ही दोन वेगळी माणसे असतात. कंपनीतले साहेब सांगतात आणि गोदामातले मुनीमजी वापरतात. साहेबांच्या सांगण्यात पेटी आलीच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती इतकी साधी गोष्ट होती की सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

आता पेटीचा हिशेब किती साधा आहे ते पाहू. समजा २०० ग्रॅमची ४० पाकिटे एका पेटीत बसतात. गोदामात १५ पेट्या आणि ७ सुटी पाकिटे आहेत, म्हणजे एकूण ६०७ पाकिटे. त्यातून २ पेट्या आणि १० पाकिटे गेली, म्हणजे ९० पाकिटे. उरली ५१७. मुनीमजींना मात्र ५१७ हा आकडा नको आहे. त्यांना १२ पेट्या आणि ३७ पाकिटे असे दिसायला हवे. चौथीतला भागाकार आहे, म्हणून मुलांना वाटते की एका तासात होईल.

पण पुढे विचारा : "काका, पेटीत नेहमी ४० च असतात का?" मग कळते की ४०० ग्रॅमची २० च बसतात. आणखी विचारा : "हा आकडा कधी बदलतो का?" मग कळते की दिवाळीत पुठ्ठ्याची पेटी बदलली आणि नव्या पेटीत ३६ च बसतात, आणि जुन्या ४० च्या पेट्याही अजून गोदामात आहेत. म्हणजे "एका पेटीत किती" हा आकडा त्या मालाच्या नावापुढे एकदाच लिहून चालणार नाही. तो प्रत्येक आलेल्या खेपेसोबत लिहावा लागेल. इथे प्रोग्रामचा सगळा आराखडाच बदलतो. ऑगस्टमध्ये हा बदल कागदावर एका रेघेने होतो. फेब्रुवारीत त्यासाठी अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागतो.

म्हणून विचारताना पाच प्रश्न पाठ ठेवावेत. हे काम आज कसे करता, करून दाखवाल का? यात कधी चूक होते, तेव्हा काय करता? हा आकडा कधी बदलतो का? माल परत आला, फुटला, मुदत संपली तर काय लिहिता? आणि दिवसाच्या शेवटी तुम्हाला कोणता एक आकडा लागतोच?

मुनीमजींशी हिंदीत किंवा माळवीत बोलावे. त्यात कमीपणा नाही. त्यांची वही मागून पाहावी. त्या वहीतले रकाने म्हणजे चाळीस वर्षांच्या अनुभवातून बनलेला एसआरएसच असतो.

४. मोठ्यांच्याही चुका

मुलांना वाटते, अशा चुका फक्त शिकणाऱ्यांच्या होतात. तसे नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे "मार्स क्लायमेट ऑर्बिटर" हे यान पाठवले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच ते नाहीसे झाले. चौकशीत कारण सापडले. यान बनवणाऱ्या कंपनीचा एक प्रोग्राम रॉकेटच्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होता. नासाचा प्रोग्राम तेच आकडे न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालत होता. या दोन मापांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. यानाचा मार्ग हळूहळू चुकत गेला आणि ते ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळून, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून गेले.

पौंड आणि न्यूटन म्हणजेच पेटी आणि पाकीट. दोन संस्था एकत्र काम करतात तेव्हा चूक बहुधा त्यांच्या मधल्या सांध्यावर होते.

यात आणखी एक धडा आहे. न्यूटनचे माप वापरायचे, हे कागदावर लिहिलेले होते. म्हणजे नुसते लिहून भागत नाही. लिहिल्याप्रमाणे झाले की नाही, हे तपासावेही लागते.

५. लहान घास

१९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात सॉफ्टवेअरच्या कामाच्या पायऱ्या चित्रात मांडल्या. आधी गरजा, मग आराखडा, मग प्रोग्राम लिहिणे, मग चाचणी आणि शेवटी वापर. पाठ्यपुस्तकांत हे चित्र "वॉटरफॉल" नावाने येते. पण त्याच निबंधात रॉइस यांनी बजावले होते की इतक्या सरळ उताराने जाणे धोक्याचे आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि चूक तेव्हाच कळते. चित्र सगळ्यांनी घेतले, इशारा मात्र फार थोड्यांनी वाचला. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जाणकार एकत्र आले आणि लहान लहान टप्प्यांत, वापरणाऱ्याला दाखवत काम करण्याचा विचार त्यांनी मांडला. त्याला "अजाइल" म्हणतात.

आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. दर पंधरा दिवसांनी काहीतरी चालते-बोलते दाखवावे. पहिल्या खेपेला फक्त "माल आला" एवढेच नोंदवता आले तरी पुष्कळ. रंग, चित्रे, लॉगिनचा पडदा मागाहून. आपल्या गटाने पहिले दोन महिने लॉगिनच्या पडद्यावर घालवले होते. तो फार देखणा झाला होता. मुनीमजींनी त्याकडे पाहिलेही नाही.

प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री ईमेल पाठवावा. चार ओळी पुरेत. आज काय दाखवले, काय ठरले, कोणी काय करायचे, आणि "आम्हाला असे समजले आहे, चुकले असल्यास कळवावे." ही शेवटची ओळ फार मोलाची आहे. बैठकीत इंग्रजी सुचले नाही तरी रात्री शांतपणे लिहिता येते. बोलायला बिचकणाऱ्या मुलाने ही सवय लावून घ्यावी. त्या मुलांनी हे केले असते, तर मार्गदर्शक सोडून गेल्यावर नव्या माणसाच्या हातात देण्यासाठी सात-आठ ईमेल तरी असते.

६. जपून ठेवणे आणि तपासणे

प्रोग्राम एकाच्याच लॅपटॉपवर ठेवू नये. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेले "गिट" हे साधन आज जगभर वापरले जाते. कोणी, कधी, काय बदलले याची त्यात नोंद राहते आणि बिघडले तर मागे जाता येते. चौघांपैकी कोणी किती काम केले हेही त्यात दिसते. हे अप्रिय वाटेल, पण खरे काम करणाऱ्याला तोंडी परीक्षेत त्याचाच आधार होतो. खाजगी काम असेल तर ते सर्वांना दिसेल असे ठेवू नये. कंपनीला विचारून जागा ठरवावी.

चाचणी कशी घ्यावी? सर्वांत चांगली प्रश्नपत्रिका मुनीमजींच्या जुन्या वहीत असते. मागच्या एखाद्या महिन्याची वही परवानगीने घ्यावी, त्यातल्या सर्व नोंदी प्रोग्राममध्ये भराव्यात आणि महिनाअखेरची शिल्लक जुळते का ते पाहावे. उत्तर आधीच माहीत असलेले गणित सोडवून पाहण्यासारखे हे आहे. जिथे जुळले नाही, तिथे दोनच शक्यता : प्रोग्राम चुकला किंवा वही चुकली. दोन्ही वेळा शिकायला मिळते.

७. उशीर झाला तर

उशीर होतोच. सत्राची परीक्षा येते, कोणी आजारी पडते, कंपनी माहिती द्यायला वेळ लावते. अशा वेळी मुलांना दोन मोह होतात.

पहिला मोह म्हणजे आणखी मित्र मदतीला घ्यावेत. आयबीएम कंपनीत एका प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसांतले बोलणेही वाढते. चौघांत दोघादोघांच्या सहा जोड्या होतात. सहा जण झाले की जोड्या पंधरा होतात. गणिताच्या तासाला हे करून पाहा.

दुसरा मोह गप्प बसण्याचा. पुढच्या भेटीपर्यंत होईल, मग सांगू, असे वाटते. तसे करू नये. वाईट बातमी लवकर सांगावी आणि सोबत उपाय सांगावा. "हे चार भाग वेळेत होतील, हे तीन होणार नाहीत. तुम्हाला कोणते आधी हवेत?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा कंपनीत मान वाढतो, कमी होत नाही.

८. एआयची मदत

आज प्रोग्राम लिहून देणारी एआय साधने मुलांच्या हाताशी आहेत. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयाचा नियम आधी पाहावा आणि वापर केला असेल तर अहवालात तसे लिहावे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. कंपनीचा प्रोग्राम किंवा माहिती तिच्या परवानगीवाचून अशा साधनात टाकू नये. आणि ज्या ओळीचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, ती आपल्या प्रकल्पात ठेवू नये. परीक्षक तिच्यावरच बोट ठेवतात. शिवाय, मुनीमजींच्या गोदामात कोणती पेटी आहे, हे कोणी जाऊन विचारल्याशिवाय कोणत्याही यंत्राला कळणार नाही.

९. अहवाल, परीक्षा आणि निरोप

अहवाल शेवटच्या आठवड्यात लिहायचा नसतो. दर पंधरवड्याची टिपणे जपली तर तो आपोआप जमत जातो. त्यात "काय जमले नाही आणि का" असे एक प्रकरण जरूर असावे. मुलांना वाटते यामुळे गुण जातील. पण जो आपली चूक नेमकी सांगू शकतो, त्याला काम समजले आहे, हे कोणत्याही परीक्षकाला कळते.

निरोप घेतानाही एक कर्तव्य उरते. प्रोग्राम कसा सुरू करायचा, बिघडला तर काय करायचे, माहितीची प्रत कशी काढून ठेवायची, हे दोन पानांवर लिहून द्यावे. वापरणाऱ्याच्या भाषेत द्यावे. गोदामात हिंदी चालत असेल तर हिंदीत. ही दोन पाने वाचून मुनीमजींना तुमच्याशिवाय प्रोग्राम चालवता आला, तर प्रकल्प पूर्ण झाला असे समजावे.

गोष्टीचा शेवट

त्या मुलाला मी इतकेच म्हटले, "उद्या वही घेऊन गोदामात जा आणि तीन दिवस नुसता बसून राहा." तो गेला. चौघेही गेले. मुनीमजींनी चहा पाजला आणि वही उघडून दाखवली. मुलांनी हिंदीत यादी केली. अकरा भागांपैकी सात सोडून दिले. राहिले चार : माल आला, माल गेला, माल परत आला, आजची शिल्लक. सुटणाऱ्या भागांविषयी गाइड सरांना आणि कंपनीला एकच ईमेल गेला. सात आठवड्यांत चार भाग झाले.

गुण साधारणच मिळाले. परीक्षकांनी मात्र सर्वांत जास्त वेळ पेटीवरच प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे आपल्या मुलाने न अडखळता, साध्यासुध्या इंग्रजीत दिली. जे स्वतःला नीट समजलेले असते ते सांगायला मोठे शब्द लागत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळले असावे. मुनीमजी प्रोग्राम वापरू लागले. वही त्यांनी अजून बंद केलेली नाही, आणि मला वाटते त्यांचे बरोबरच आहे.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी घरी सारखे प्रश्न विचारत असेल तर "इतकेही कळत नाही?" असे म्हणू नका. त्या एका वाक्याने विचारण्याची सवय मोडते, आणि पुढे तिची किंमत फेब्रुवारीत मोजावी लागते.

अंतिम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.

स्वाध्याय (इयत्ता नववी ते बारावी)

१. तुमच्या घराजवळच्या किराणा दुकानात जाऊन उधारीची वही कशी ठेवतात ते पाहा. त्यातील रकाने लिहून आणा.

२. एका पेटीत ३६ पाकिटे बसतात. गोदामात ९ पेट्या व ५ सुटी पाकिटे आहेत. त्यातून ३ पेट्या व २० पाकिटे गेली. शिल्लक पेट्या आणि पाकिटांत सांगा.

३. पाच जणांच्या गटात दोघादोघांच्या किती जोड्या होतील? आठ जणांत किती?

४. या आठवड्यात वर्गात तुम्हाला न समजलेली, पण तुम्ही मान डोलावलेली एक गोष्ट आठवा. उद्या ती शिक्षकांना विचारा.